जळक्या डेअरीपासून दक्षिणेला

आमच्या गावातल्या रस्त्यांना आता नावं आलीत.
सांडपाण्याची लाइन गेल्या साली,
चौकातले दिवे मार्चमध्ये,
आणि परवा सान होसेहून ट्रक भरून पाट्या:
निळ्या, पत्र्याच्या, सहाशे बारा.
मी, माझा भाचा विल्बर्त, एक ड्रिल, एक शिडी.

दोन्या एतेल्विनाच्या दारात गाडं अडलं.
"सत्तावीस? मी कधी झाले सत्तावीस?
माझा पत्ता आहे.
जळक्या डेअरीपासून दोनशे मीटर दक्षिणेला,
निळं फाटक."
फाटक हिरवं आहे.
डेअरी जळली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.
"बहिणीची पत्रं येतात ना पनामाहून? न चुकता?"

मग कॉफी झाली.
मग तिनंच भिंतीवर बोट ठेवलं: "इथं. जास्वंदीच्या वर.
आणि वाकडी लावू नकोस."
थोडी वाकडीच लागली.

पुलाच्या उद्घाटनाला महापौरबाईंची कात्री बोथट निघाली,
शेवटी खाटकाच्या सुरीनं फीत कापली.
फुटपाथ झाले. चाकाच्या खुर्चीतले दोन रामोन
पहिल्यांदाच एकटे चर्चला गेले,
आणि येताना बारमध्ये.

काल संध्याकाळी मोपेडवर एक पोरगा, बाहेरचा,
पाठीला पिझ्झ्याची पेटी.
"चौथा रस्ता, सत्तावीस नंबर?"

याच हातांनी लावली होती.
मी डोकं खाजवलं, हात लांब केला,
आणि तोंडातून निघून गेलं:
"ती जळकी डेअरी दिसतेय ना,
तिथून दोनशे मीटर खाली."

पोरानं वळून पाहिलं.
तिथं बँक आहे.