कुणाच्या मीटरवर

मकरपुऱ्याला, जीआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
माझ्या टेबलावर दूध तपासायच्या यंत्राचा उघडा बोर्ड.
त्यावर तांदळाच्या कणीएवढा स्फटिक
सेकंदाला दोन कोटी चाळीस लाख वेळा थरथरतो
आणि इतकं करूनही
किती वाजले ते त्याला ठाऊक नसतं.

आई लोकांना सांगते, नीलाक्षी घड्याळांचं काम करते.
मी हो म्हणते. खोटं नाही ते.
ही घड्याळं वेळ सांगत नाहीत, एवढंच.
नुसती म्हणत राहतात: आता. आता. आता.
त्या ‘आता’वर पाऊल टाकत
पडदा उजळतो, सेन्सर मोजतो, आकडा हलतो.

नियम घरातलाच आहे.
लागलं तर मागून घे, झालं की परत कर.
कर्नेल मोजत बसतं:
एकानं मागितलं, एक. आणखी एकानं, दोन.
परत आलं की एक उणा.
शून्याला ठोका बंद. तेवढीच वीज वाचली.
यंत्र उठतानाही शेवटी एक फेरी होते,
ज्याला कुणी मागितलेलं नाही ते घड्याळ विझवायचं,
आई निजायच्या आधी
खोल्याखोल्यांतून हात फिरवत जाते तसं.

पादऱ्याकडच्या एका दूध मंडळीतून फोन, पहाटे साडेपाचला.
मंडळीच्या सेक्रेटरीला इथे मंत्री म्हणतात.
मंत्री म्हणाले, बेन, हुं चा पीवा बेठो,
परत आलो तर मशीन थिजलेलं.
बाहेर चाळीस किटल्या, आणि म्हशींना कोण समजावणार!
बंद करून चालू केलं की चालतं,
पुढच्या चहापर्यंत.

माझ्याकडे मात्र थिजेना.
तीन दिवस समोर बसून होते,
बटणं दाबत, आकडे वाचत, डोळे न हलवता.
ड्रायव्हर खानविलकरांचा. नोकरी सोडताना
वरती एक ओळ लिहून गेलेले:
चालतंय. हात लावू नका.

गुरुवारी रात्री दांडिया बाजारात घरी आले
तर जिना अंधारा.
दुसऱ्या मजल्यावरच्या रणनवरेकाकू
सोमवारीच हालोलला मुलाकडे राहायला गेल्या,
मीटर काढून दिला.
वायरमन टॉर्च दातांत धरून म्हणाला,
हा बल्ब त्यांच्याच लायनीवर होता ना.
अकरा वर्षं.
अकरा वर्षं आम्ही सगळे चढलो उतरलो,
गॅसच्या टाक्या, नवरीचा शालू, बाबांचं स्ट्रेचर,
एकानंही विचारलं नाही, हा उजेड कुणाचा.

तिसऱ्या पायरीवर उभी राहिले.
पडदा.
मी बघत होते म्हणून पडदा झोपत नव्हता.
मंत्री चहाला गेले की झोपतो,
जाताना आपलं घड्याळ शहाण्यासारखं परत करतो,
मोजणी शून्य,
आणि त्याच घड्याळावर
फॅट मोजणारा सेन्सर बसलेला असतो
ज्यानं कधी काही मागितलंच नव्हतं.
मग कुणी त्याला आकडा विचारायला जातं
आणि तिथेच दारात उभं राहतं,
हाक नाही, माघारी येणं नाही.

सकाळी दोन ओळी घातल्या. येताना माग. जाताना दे.
दुपारी तिसरी सुचली,
अर्ध्यात बिनसलं तरी दे.
तिथेच विसरतात माणसं.
खानविलकरांची ओळ खोडली नाही,
तिच्याखाली तारीख टाकली.
मग हात टेबलावर ठेवून बसून राहिले.
पाच मिनिटांनी पडदा काळा झाला.
सेन्सर मोजत होता.

काकूंना फोन केला संध्याकाळी.
जिन्यातला दिवा तुमच्या मीटरवर होता, काकू.
हो का गं, म्हणाल्या, आणि बराच वेळ हसल्या.
मग विचारलं,
आता कुणाच्या आहे?

रविवारी मीटिंग आहे त्यावर.
तोवर मोबाइलचा टॉर्च,
आणि पायऱ्या मोजत. सतरा.