चौथं गाणं वगळून

एकोणीस वर्षांनी 'दहावा मैल'चा नवा अल्बम आला.
रूबेनने स्वतः आणून दिला, कॅनडा कॉर्नरला, दुकानात,
स्कूटर चालूच ठेवून.
म्हणाला, ऐक. पण खरं सांगू नकोस.

मी खरं कुणाला सांगतो?
शटर अर्धं ओढलं
आणि दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी अँप्लिफायरवर लावला.

पहिलं गाणं बावीस मिनिटांचं.
त्यातली सहा मिनिटं फक्त ऑर्गन,
मालगाडी जाईस्तोवर फाटकाशी थांबावं तसा.
मग ड्रम्स. सात मात्रांत.
गायधनी अजून सातातच विचार करतो,
जिना उतरतानासुद्धा.
पण पाचव्या मात्रेवर हात आता जरा उशिरा पडतो,
आणि मला दिसतात त्याचे वडील,
प्रेसचा भोंगा होऊन गेल्यावर
जेल रोडने सायकल दामटणारे.

दुसरं बरं आहे.

तिसऱ्यात गिटार भाच्याकडे दिलीय.
पोरगा वेगवान, सुरात पक्का,
कुठेही चुकत नाही.
श्रीपाद चुकायचा.
सत्त्याऐंशी साली, शरणपूरच्या त्या हॉलमध्ये
(मी तेव्हा त्यांच्या वायरी गुंडाळायचो)
एका भलत्याच सुरावर बोट पडलं त्याचं
आणि तो तिथून हललाच नाही,
चार मिनिटं, त्या सुराला घर मिळेपर्यंत.
रखवालदाराने दिवे घालवले.
श्रीपादला कळलं नाही.
आता अल्बमच्या मागे त्याचं नाव आहे,
लहान अक्षरांत, दोन तारखांसह.

चौथ्याबद्दल मी बोलणार नाही.
झाडं वाचवा असं काहीतरी आहे.
नातवंडं कोरसमध्ये आहेत.

पाचव्यात रूबेनचा आवाज
वरच्या पट्टीला पोचत नाही,
आणि मिक्सिंगवाल्याने त्याच्याखाली
इतक्या उशा रचल्यात
की पडल्याचंही ऐकू येत नाही.

उठून चहा सांगणार होतो.
तेवढ्यात सहावं सुरू झालं.

आधी खोकला. मग कुणीतरी म्हणतं, "चालू आहे का रे?"
खिडकी उघडी राहिली असणार;
गंगापूर रोडचा तो फ्लॅट, खाली नदी,
आणि मधेच लांबून भोंगा,
धरणातून पाणी सोडल्याचा.
त्या दिवशी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं पाणी.
कुणी थांबत नाही.
ऑर्गन चाचपडत खाली उतरतो,
अर्धा सूर, आणखी पाव,
आणि भोंग्याच्या शेजारी जाऊन बसतो.
रूबेन गातो. उशा नाहीत.
आवाज तडकतो तिथे तडकू देतो.
तीन मिनिटं दहा सेकंद.
मी अँप्लिफायरवरचा हात काढला नाही,
तापला होता तरी.

दुसऱ्या दिवशी रूबेन आला.
स्कूटर चालूच.
मी म्हटलं, सहाव्यात भोंगा आलाय.
म्हणाला, काढायला हवा होता ना?
म्हटलं, हात लावू नकोस त्याला.

त्याने स्कूटर बंद केली.
हेल्मेट काढलं. केस फार विरळ झालेत त्याचे.
मग जरा थांबून विचारलं,
आणि चौथं?