आधी मान

दोसिंदाला वाटलं होतं, मी हात रगडीन
कणकेसारखा.
दात आवळून आली, बाही वर सारली
आणि उजवा हात टेबलावर ठेवला,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

मी मानेपासून सुरुवात केली.

"पोरी, सूज इथं आहे."
माहीत आहे. पण धक्क्यावरची पुढची बोट सुटल्याशिवाय
मागचीनं कितीही भोंगा वाजवला
तरी काय उपयोग?
हे तिला पटलं.
आरोसाच्या खाडीत चाळीस वर्षं
गुडघाभर चिखलात दाताळं ओढून
शिंपल्या काढलेली बाई ती.
भरती-ओहोटीचं काहीतरी सुंदर मी बोलणार होते,
तिनं आधीच उडवून लावलं:
"ओहोटीला पाणी परत जातं. हे बसून राहिलंय."

काखेतून तेरा गाठी काढल्या तिच्या.
एक वाईट निघाली.
"म्हणजे बारा फुकट गेल्या," ती म्हणते,
बाजारात वजनात फसवल्यासारखी.

माझी बोटं कातडी जेमतेम सरकवतात,
थांबतात, सोडतात. पुन्हा.
"एवढंच? मांजरीला मी याहून जोरात गोंजारते.
आणि याचे पैसे घेतेस?"
घेते. जोर लावणं कुणालाही जमतं.
ही वाट कातडीच्या लगेच खाली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी,
दाबली की मिटते.

मग फोम, मग पट्ट्या,
बोटांपासून खांद्यापर्यंत चार गुंडाळ्या.
कोपराच्या वर उजवा छत्तीस, डावा एकोणतीस.
मी वहीत लिहिते, ती वहीकडे बघत नाही.

एकटीला पट्ट्या बांधता येईनात,
तेव्हा एलादिओ आला.
कालवांच्या तराफ्यावर दोर ओढून
तळहात झालेले जुन्या पायताणासारखे.
आधी माझ्या मनगटावर कर म्हटलं.
केलं. मनगट संध्याकाळपर्यंत लाल.
नुसती कातडी, एलादिओ, मांस नाही.
त्याला कळेना.
दोसिंदा पडल्यापडल्या म्हणाली,
"मापात न बसणारी शिंपली परत वाळूत ठेवतोस ना,
तसं."
आणि त्याचा हात
माझ्या डोळ्यांदेखत हलका झाला.

आता पुढचं सांगायला हवं होतं.
उजव्या काखेत वाट उरलेली नाही,
म्हणून पाणी आडवं न्यायचं,
छातीवरून, डाव्या काखेकडे.
सांगितलं. नकाशा भिंतीवर होता, त्यावर बोट फिरवून
सांगितलं, जरा जास्तच भराभर.

मान झाली, डावी काख झाली.
मग तिसऱ्या बटणापाशी तो थांबला.
दोन हिवाळे तो तिथेच थांबलेला होता,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी मोजपट्टी गुंडाळली. उलगडली. गुंडाळली.
खाली रस्त्यावर पाववाल्याची गाडी
हॉर्न देत निघून गेली.

छताकडे बघत दोसिंदा म्हणाली,
"दुसरा रस्ता नाहीये, मास्तरीणबाईंनी दाखवलाय ना."
बटण तिनंच काढलं, डाव्या हातानं.

तिथली कातडी सपाट, ताणलेली,
शिवणीपाशी जराशी खेचलेली.
त्यानं हात ठेवला, सरकवला, थांबला, सोडला.
मोठ्यानं मोजत होता: उन, दोउस, त्रेस...
पाच वेळा करायचं असतं.
तो अकरापर्यंत गेला, मग आकडे चुकले,
मग मोजणंच बंद झालं.
मी काही बोलले नाही.
माझी पुढची पेशंट बाहेर खोकत होती, खोकू दिलं.

मंगळवारी कोपराच्या वर साडेपस्तीस.
"अर्धाच?" मी विचारलं. "रोज करताय ना?"
एलादिओ टोपी फिरवत खिडकीकडे बघू लागला.
दोसिंदानं बाही वर सारली.
"मान रोज करतो," म्हणाली. "छातीही करतो.
हात करायचा राहूनच जातो त्याच्याकडून."