दोनदा गेलेला कागद

वडगावात, यंत्रमागांच्या गल्लीच्या टोकाला
माझं डीटीपीचं दुकान.
काल रात्री साडेनऊपासून
मशीन अकरा वेळा मेलं.
कॅलेंडरवर पेन्सिलीनं रेघा मारल्यात,
दूधवाल्याच्या हिशेबासारख्या.

पत्रिका यल्लाप्पा कणबरकरांच्या भाच्याची.
नवरा इथला, नवरी गोकाकची.
वर मराठी, खाली कन्नड, मधे गणपती.
गणपतीला भाषा लागत नाही,
चौदा एमबी मात्र लागतात.

मराठी फॉन्ट उघडला, चाललं.
तो मिटून कन्नड उघडला, चाललं.
दोन्ही एका पानावर आणले
की पडदा गोठायचा,
'निमंत्रक'मधल्या शेवटच्या क-पाशी कर्सर अडकून,
आणि चौकट यायची:
पुरेशी मेमरी उपलब्ध नाही.
कचेरीत सांगतात तशा आवाजात,
साहेब जागेवर नाहीत.

यल्लाप्पा समोर स्टुलावर.
खिशातनं चिठ्ठी काढून म्हणाले,
"एक नाव राहिलं की वो. बेळगुंदीचे गुंडूमामा.
नाही घातलं तर हळदीलाच तोंड फिरवतील."
घातलं.
बारावी रेघ.
"मामा जड आहेत," मी म्हणालो.
"हायेतच. नव्वद किलो."

मग ठाऊक होते ते सगळे उपाय.
गाणी बंद. ब्राउझर बंद,
त्यात कुणाकुणाची विजेची बिलं, उतारे,
एका पोराचा नापास निकाल, चार दिवस उघडा.
तात्पुरत्या फायलींचा फोल्डर उपसला,
तळाशी जुनी बारशी निघाली,
आणि एक श्रद्धांजली, अर्धवट टाईप केलेली.
ज्यांची होती ते नंतर बरे झाले,
परवाच माझ्याकडनं झेरॉक्स काढून नेली.
तीही पुसली.
थोडी जागा झाली. थोडीच.

अकराला विरूपाक्ष आला, खासबागेतनं, हेल्मेटसकट.
तो कन्नडात विचारतो, मी मराठीत सांगतो,
वीस वर्षं हे असंच,
आजवर एकदाही हँग झालेलं नाही.
डबा उघडला. धुळीत रुतलेल्या दोन पट्ट्या काढल्या.
खिशातनं शाळकरी खोडरबर,
त्यानं पट्टीचे सोनेरी दात घासले, हळू,
लहान मुलाचे घासावेत तसे.
मी बघत राहिलो.
आयुष्यभर ज्यानं खोडलं
त्यानंच मशीनला आठवायला लागतं.

एक पट्टी लागली.
दुसरीचा खाचाच गेलेला.
"इदु सत्तैती," तो म्हणाला,
आणि यल्लाप्पांनी उगाच डोक्यावरची टोपी काढली.

नवी पट्टी गणपत गल्लीत, तीही उद्या दहानंतर.
पत्रिका वाटायच्या पहाटेच्या बसनं.
विरूपाक्षानं हात पुसत विचारलं,
दोन्ही एकाच फायलीत कशाला कोंबतोस?

म्हणून मग दोन फायली.
आधी मराठी. दोनशे कागद.
फाईल मिटवली, मशीनला दम खाऊ दिला,
तोच गठ्ठा, अजून कोमट,
पुन्हा ट्रेमधे.
आता कन्नड.
कागदाला काही उघडं ठेवावं लागत नाही.
जे आलं ते अंगावर घेतो
आणि दुसऱ्याची वाट बघतो.

पावणेतीनला शेवटचा बाहेर पडला.
दुसऱ्या फेरीत गठ्ठा केसभर सरकलेला:
गुंडूमामांच्या पायातला दीर्घ उकार
खालच्या ओळीत गोकाकला टेकला होता.
दोनशेच्या दोनशेवर.
यल्लाप्पांनी चष्मा वर करून पाहिलं,
खाली करून पाहिलं.
"टेकलंय की वो."
"टेकलंय."
मोजून घेतल्या. वीस रुपये कमी दिले.

विरूपाक्षाचं खोडरबर टेबलावरच राहिलं,
एका कडेनं काळं.

सकाळी बटण दाबलं.
मशीननं विचारलं,
काल अचानक बंद पडलेली फाईल
परत आणू का?
बाहेर माग सुरू झाले होते, दिवा जरा मंदावला.
मी नाही म्हटलं.