हार

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर
समुद्रातून वर चढणाऱ्या धुक्याला हार म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले.
काय झालं, स्ट्रुअनने विचारलं.
म्हटलं, आमच्याकडे हा शब्द गळ्यात घालतात,
नाहीतर पत्करतात.
तो म्हणाला, मग नाव ठरलं.

डंडीत, पर्थ रोडवरच्या पोटमाळ्यावर,
खालून येणाऱ्या माशांच्या तळणाच्या वासात
आमचा नायक जन्मला.
राखी डगला, तोंडावर धुकं.
दिवसा तो तागाच्या जुन्या गिरणीत
पर्यटकांची तिकिटं फाडायचा.

तिसरा भाग, पान एकोणचाळीस.
स्ट्रुअनचा उजवा हात थरथरू लागला.
आधी डगल्याची घडी हलली,
मग टे नदीवरचा पूल,
मग एका संध्याकाळी त्याने दौत माझ्याकडे सरकवली
आणि उठून दाराला कडी घातली.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
ही तर झाकल्यावरही थांबेना.

अकरा वर्षं.
गालाची उतरण, पावसातल्या विटा, डगल्याचं प्रत्येक टोक
माझं.
पुस्तकाच्या शेवटी छापखान्याच्या पत्त्याखाली
मुंगीएवढ्या अक्षरांत: साहाय्य, हे. को.
दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते ना,
तिथे राहत होते मी. भाडं परवडायचं.

ग्लासगोत लॉर्न होता, स्ट्रुअनचा जुना भागीदार.
त्याचा नायक दीपस्तंभ: सोनेरी छाती, कॅमेऱ्याकडे तोंड,
माणसं वाचवून झाली की मुलाखत.
दोघांची पुस्तकं एकाच दिवशी बाजारात यायची,
मुद्दाम.
टीव्हीवर एकदा लॉर्न आमचा सहावा भाग चाळत म्हणाला,
ही रेघ त्याची नाही.
स्ट्रुअन कान काढताना नेहमी घाई करतो.
हे कान कुणीतरी वेळ देऊन काढलेत.

इतकं बारीक वैरीच बघतो.
माझ्या नवऱ्यालाही कधी दिसले नव्हते ते कान.

दुसऱ्या दिवशी मासेवाल्याच्या दारात दोन गाड्या.
कुणी आमच्या कचऱ्यातले टिपकागद उचलून नेले,
कुणी स्ट्रुअनच्या बहिणीला गाठलं,
आणि इश्बेल नावाची एक मुलगी, बूट ओले,
जिन्यात मला अडवून म्हणाली,
तुम्ही इथे नेमकं काय करता?
चहा, मी म्हटलं.
तेही खोटं नव्हतं.

सातवा भाग. शेवटचं पान.
हार शंभर कॅमेऱ्यांसमोर उभा राहून
तोंडावरचं धुकं सोडतो, असं संहितेत होतं.
स्ट्रुअनने पेन्सिलीने गर्दी काढली होती,
माइक, छत्र्या, एक भुंकणारा कुत्रा.
चेहऱ्याच्या जागी कागद.
तू बघ, म्हणाला, आणि बाहेर जाऊन
जिन्यावर बसला, डाव्या हाताने उजवा धरून.

चेहरा कुणाचा काढला ते सोडा.
तिकिटं फाडणारा कसा असेल, तसा होता.
पण कान
मी घाईत काढले.
अकरा वर्षांत पहिल्यांदा, मुद्दाम, चुकवून,
डावा जरा वर, पाळी अर्धवट,
जसे तो काढायचा पान एकोणचाळीसच्या आधी.
माझ्याच हाताने मी मला खोडत होते
आणि हात, मेला, जराही थरथरत नव्हता.

पुस्तक आलं. लॉर्नने ते कॅमेऱ्यासमोर उघडलं,
शेवटच्या पानावर बराच वेळ थांबला.
मग म्हणाला, चुकलो. रेघ त्याचीच आहे.
आठवड्याभरात गाड्या दुसऱ्या कुणाच्या दारात गेल्या.

नंतर ग्लासगोहून एक पाकीट आलं.
पत्ता आमचाच, पण नाव स्ट्रुअनचं नाही.
हेमांगी कोरगावकर, आख्खं,
स्पेलिंगमध्ये एक चूक.
आत कार्डावर एकच ओळ:
कानांची घाई छान साधलीत.

कपाटाच्या दाराला लावलंय ते.
आतल्या बाजूने.