ऐकूलालाव का

खय्यूमच्या गच्चीवर नळाचा जुना पाईप,
पाईपाच्या टोकाला तांब्याची तार,
आणि खाली जिन्यातल्या खोलीत मी.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला वाकळ,
ओठाशी लग्नाच्या बँडमधला माईक.
तीन दिवस घोकलेलं वाक्य ऐनवेळी विसरले,
तोंडातून निघालं ते घरचंच:
ऐकूलालाव का?

उदगीरच्या किल्ल्यापासून रेल्वेच्या फाटकापर्यंत,
एवढंच आमचं आभाळ.
फाटकापुढं खरखर.
दुधाचे कॅन घेऊन जाणारा मन्मथअप्पा म्हणायचा,
पोरी, तुझा आवाज मला रोज
रुळापाशी सोडून माघारी जातो.

हरवलेली शिंगमोडी म्हैस. सापडलेली कवळी.
दहावीचे नंबर, नापासांचे सोडून.
मोंढ्यातला तुरीचा भाव.
आणि नळ.
एकदा चुकून रात्री तीनची वेळ सांगितली,
अख्खी गल्ली घागरी मांडून बसली.
पाणी आलं नाही.
सकाळी शिव्या द्यायला जिन्यात रांग लागली,
तेव्हा कळलं,
आपलं स्टेशन चालूलालंय.

मग प्लॉटवाल्याची जाहिरात आली.
पंखा आला. फिरती खुर्ची आली.
मग नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा,
दिवसातून अकरा वेळा, माझ्याच तोंडून.
त्याच आठवड्यात आमच्या गल्लीचा टँकर
त्याच्या मंगल कार्यालयात रिकामा होताना
खय्यूमनं पाहिला.
वाचू का हे? मी विचारलं.
तो डाग देत राहिला. खोलीभर कथलाचा धूर.
त्या दिवशी नाही वाचलं.
दुसऱ्या दिवशी वाचलं.
मधल्या एका दिवसाचं
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दोन माणसं आली. सभ्य होती.
आधी लायसन मागितलं, मग पाणी.
पंचनाम्यात लिहिलं: यंत्र एक, माईक एक,
अंड्यांचे ट्रे, नग बेचाळीस.
वाकळ लिहिली नाही,
ती खय्यूमच्या अम्मीनं अंगावर ओढून घेतली होती.
धाकटा जाता जाता म्हणाला,
आवाज चांगला आहे हो तुमचा.

खय्यूम आता मोबाईलच्या काचा बदलतो.
मी बचत गटाचा हिशेब वाचते,
जरा जास्तच मोठ्यानं.

परवा देवनाबाईकडं गेले.
तिला आकडे कळत नाहीत,
म्हणून रेडिओच्या काचेवर आमच्या जागी
तिनं तेव्हा टिकली चिकटवली होती.
काटा तिथंच. नुसती खरखर.
बंद कर की माय, सेल जायलेत, म्हणलं.
असू दे, म्हणाली,
आणि तांदूळ निवडत राहिली.

टिकली नवी होती.