थांब्यांची नावं

रात्री सव्वानऊला शेवटचा पेशंट उठतो,
गोकाककडचा, पोटावर निळ्या शाईची फुली,
मग आमची पेटी आत जाते.
पारदर्शक, भोकं पाडलेली, आठ खणांची.
खणात एकेक पांढरा उंदीर.

मल्लेशी मडिवाळ ती अशी धरतो
जसा बसमध्ये कुणी कुंद्याचा डबा धरावा,
कलू न देता.

कोबाल्टला आवाज नसतो.
दाराबाहेर आम्ही दोघं आणि लाल दिवा,
अकरा मिनिटं चाळीस सेकंद. दहा ग्रे.
पडद्यावर उंदीर मिशा पुसत बसलेले.
काय झालंच नाही की हो मॅडम, मल्लेशी म्हणतो.
झालेलं असतं.

रजिस्टरात ते ब-एक ते ब-आठ.
मल्लेशीच्या तोंडी
पिरनवाडी, मच्छे, देसूर, प्रभूनगर,
गणेबैल, खानापूर, नंदगड, हलशी.
त्याच्या गावच्या गाडीचे थांबे.
नावं ठेवू नकोस, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
ठेवली कुठं, तो म्हणाला, ती होतीच.

दुसऱ्या दिवशी सगळे खातात.
तिसऱ्या दिवशी देसूर भुशात तोंड खुपसून बसतो,
शेपटीखाली ओलं.
मल्लेशी पिंजऱ्याशी वाकून कन्नडमध्ये काहीतरी बोलतो,
मला त्यातलं एवढंच कळतं: साकु, साकु.

चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलावर.
प्लीहा तीस मिलीग्रॅम,
किरण न लागलेल्याची शंभर भरते.
मांडीच्या हाडातली मज्जा
लाल हवी, ती फिकट पाण्यासारखी.
आतड्याचा तुकडा मेणात,
मेणातून पात्यावर, पात्यावरून काचेवर,
काच गुलाबी आणि निळ्या रंगात.

माझे वडील वडगावात माग चालवायचे,
टर्किश टॉवेलाचे.
निरोगी आतडं भिंगाखाली तसंच दिसतं,
दाट, उभ्या फासांचं.
फासांच्या तळाशी खळगे.
नव्या पेशी तिथं विणल्या जातात,
वर सरकतात, टोकाशी पोचून झडतात.
किरण वरच्या धाग्यांना फारसं काही करत नाहीत,
खाली बसलेले विणकर मारतात.
म्हणून दोन दिवस कापड शाबूत.
जुना माल संपेपर्यंत दुकान उघडं.
मग एका सकाळी फास आखूड,
मग सपाट,
मग नुसती जाळी, आणि तिच्यातून
आतलं पाणी बाहेर, आतड्यातले जंतू आत.

निम्म्यांना आधी पाच दिवस हिरड्याचा अर्क पाजला होता.
नंदगडच्या आतड्यात एका छेदात सतरा खळगे जिवंत.
मी तीनदा मोजले.
बाकी तिघांत चार, सहा, चार.
एक उंदीर म्हणजे पुरावा नव्हे, डॉक्टर हलगेकर म्हणाले,
आणि ते खरंच आहे.
मी तक्त्यात सरासरी लिहिली.
सतरा त्यात बुडाले.

गोकाकचा तो माणूस जिन्यात भेटला.
पोट बिघडतंय काय हो यानं?
बिघडेल थोडं, दुसऱ्या आठवड्यात. मग भरून येईल.
तुम्हाला एकदम देत नाहीत,
रोज थोडं, मधे रात्र सोडून,
आत सावरायला वेळ मिळावा म्हणून.
तुमास्नी कसं ठाऊक, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, ताक घ्या, तिखट कमी करा.

नवी खेप सोमवारी आली.
मल्लेशीनं या वेळी दुसरी गाडी धरली:
हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, उचगाव, बाची.
पाचच झाले, मी म्हटलं, पुढं शिनोळी आहे की.
ते पलीकडच्या राज्यात, तो म्हणाला,
त्यांच्या गावाचं नाव यात कशाला.
तीन खण तसेच राहिले.
रजिस्टरात मी क-सहा, क-सात, क-आठ लिहिलं
आणि पेटी उचलायला त्याला हात दिला.